दार लागलं की लावलं

"काका, अब्बा गेले..." रफिकच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी चिखलीत होतो. मलकापूरला पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. रफिकचं तोंडही पाहायला मिळालं नाही. तसा गेलं वर्षभर तो कुणाशी धड बोलतच नव्हता.

शाळेत आम्ही एका बाकावरचे. पुढे त्यानं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान चालवलं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजोबांकडून आलेली एक जुनी उर्दू दास्तान मराठीत आणायला बसायचा. त्यात एके ठिकाणी शहजादा जादूगाराच्या किल्ल्यातून बाहेर पडतो, त्याचा जिवलग दोस्त आत राहतो आणि दरवाजा बंद होतो... मूळ वाक्य एवढंच. मराठीत 'दार लागलं' म्हटलं तर शहजादा निर्दोष, 'लावलं' म्हटलं तर तो दगाबाज. यावरून आम्ही कितीदा भांडलो!

"जादूनंच लागलं असन बे, तो काऊन लावन?" मी म्हणायचो.

"तुले तो चांगला पाहिजे," रफिक म्हणायचा. "ज्यानं लिहिलं त्याले काय पाहिजे होतं, थे तुले नाई मालूम, मलेबी नाई. मंग मी काऊन सांगू?"

शेवटी त्यानं लिहिलं, 'दार बंद झालं.'

पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक काढलं. छापून आलं ते असं : 'जादूनं दार लागलं आणि शहजादा ढसाढसा रडला.' रफिकला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं फोन केला तेव्हा प्रकाशकाकडचे संपादक हसले. "अहो, वाचक गोंधळतो. तुमची भाषाही जरा सुधारून घेतली."

फोन ठेवून रफिक मला म्हणाला, "माह्या नावानं खोटी साक्ष देली यायनं." मग त्यानं लिहिणंच सोडलं.

शोकसभेत एका वक्त्यानं नेमकं तेच वाक्य वाचलं. "तसंच आज रफिकभाईंच्या मागे दार लागलं, आणि आपण रडतो आहोत." माना डोलल्या. मी उठून म्हणालो, "हे वाक्य त्याचं नाही." अध्यक्षांनी हातानं बसायची खूण केली. "आज तो विषय नको." ज्याच्यासाठी सभा भरली, त्याचं एक वाक्यही तिथं कुणाला नको होतं.

परवा दुकानावर गेलो. शबाना गिऱ्हाइकात होती. बाहेरच्या बाकड्यावर रफिक येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवायचा, काहीतरी अवघड विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत चहा हातात तसाच धरून थांबायचा. चुकीच्या उत्तरासाठीही तेवढाच थांबायचा. मी तिथं बराच वेळ बसलो...

कुणी काही विचारलं नाही.