कानबाईच्या रोटातला वाटा

एकोणसत्तर सालच्या श्रावणात मी देवाशी बोलणं टाकलं होतं. धुळ्याच्या एका इस्पितळात मी नर्स होते. मुंबईहून रेडिएशनचे शेक घेऊन परत आलेले कॅन्सरचे पेशंट आमच्या वॉर्डात असत. ड्युटीवर जाताना कोणासाठी तरी हात जोडायचे आणि थोड्याच दिवसांत त्याच्याच खाटेवरची चादर बदलायची, याचा मला उबग आला होता. रडायची सोय नव्हती. मेट्रन म्हणायच्या, "सिस्टरच रडली तर पेशंटनं कोणाकडे बघायचं?" त्यांचं चुकत नव्हतं, पण ते न रडलेलं सगळं माझ्या घशाशी साठलं असावं. डबा उघडला की ड्रेसिंगचा वास येई, घास गिळवत नसे. श्रावण सरला की नोकरी सोडून नगरला माहेरी जायचं, हे मी पक्कं ठरवून टाकलं.

त्या वेळी शिंदखेड्याकडची वच्छला आमच्याकडे होती. माझ्याच वयाची, घशाचा कॅन्सर, पातळ पेजही मुश्किलीनं उतरायची. मी मुळात फटकळ, पण ती माझ्याहून वस्ताद. आवाज जवळजवळ गेलेला, तरी मी डबा तसाच झाकला की खाटेवरून डोळे वटारायची. तिच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या दर आठवड्याला एस.टी.नं तिला भेटायला यायच्या.

कानबाईचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी अक्का फडक्यात कणकेचा जाड रोट बांधून आल्या. आमच्या नगरकडे ही खानदेशातली देवी बसत नाही, त्यामुळे मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. अक्कांनी सांगितलं, हा देवीचा प्रसाद फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. दुधात कालवलेला कणभर रोट वच्छलेनं जिभेवर ठेवला, पण तो उतरेना. अक्का रडवेल्या झाल्या. सुनेचा वाटा तसाच घेऊन घरी कुठल्या तोंडानं जायचं? तेव्हा वच्छलेनं माझ्याकडे बोट केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मना वाटा हिले दे."

अक्कांनी रोट पदराआड घेतला. माझी जात, माझं कूळ, त्यांना काही माहीत नव्हतं. मीच म्हटलं, "राहू द्या अक्का, रीत कशाला मोडता?" त्यांनी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं आणि रोट माझ्या हातावर ठेवला. "खाय माय. आजपाईन तू आमनी शे."

मी तिथेच खाटेपाशी बसून खाल्ला. वच्छला माझ्या गळ्याकडे बघत होती. पहिला घास सरळ उतरला, मग दुसरा. याला कृपा म्हणायचं की नुसती भूक, हे मी कधी ठरवत बसले नाही. त्या दिवशी मी डबाही संपवला.

पोळ्याच्या आधी वच्छलेला घरी नेलं. पुढे एक दिवस तिचा दीर वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच मी समजले. तो म्हणाला, "अक्कानी सांगेल शे, तुले बी सुतक शे."

मी मेट्रनना सांगितलं, माझी बहीण गेली. खोलीवर जाऊन पोटभर रडले, वच्छलेसाठी आणि तिच्या आधी गेलेल्या सगळ्यांसाठी. माहेरी जायचं मग राहूनच गेलं. निवृत्त होईपर्यंत मी त्याच वॉर्डात होते. पेशंट जातच राहिले. त्यांचे प्राण मागत बसणं मी सोडलं. खाटेवर येईल तो आपला, एवढं धरून बाकी कानबाईवर सोपवत गेले, आणि रडू आलं की रडत गेले. लोक देवीकडे सुख मागतात. मला तिनं सुतक दिलं, आणि मी आजही त्यासाठी हात जोडते.