आधी सीट, मग आरसा

ठोकलेल्या गाडीकडे इंगोले काका ठोकलेल्या बाजूने कधीच पाहायचे नाहीत. बंपर जमिनीला टेकलेला असो की दार चेपून आत गेलेलं असो, ते आधी चालकाच्या बाजूचं दार उघडायचे, चपला बाहेर काढायचे आणि पंगतीत बसावं तसे निवांत सीटवर बसायचे. सीट किती पुढे आहे ते बघायचे, आरशात डोकावायचे, स्टिअरिंगवरून हात फिरवायचे. मालक बिचारा बाहेर चुळबुळत असायचा. "पत्रा कुठं पळून नाही जात," काका आतूनच म्हणायचे. "आधी चालवणारा माणूस पाहू द्या."

काका सर्व्हेअर होते. अपघात झालेल्या गाडीचं नुकसान खरं किती आणि ते झालं कसं, हे पाहून विमा कंपनीला अहवाल देणारे. मूळचे अमरावतीचे, पण जयपुरात तीसेक वर्षं काढलेले. बनी पार्कात छोटं ऑफिस होतं. बायको गेल्यावर तिथेच मागच्या खोलीत राहायचे. एवढ्या वर्षांत त्यांची हिंदी पक्की जयपुरी झाली होती, मराठी मात्र वऱ्हाडी ती वऱ्हाडीच राहिली.

माझी त्यांची गाठ पडली ती मी केलेल्या पराक्रमामुळे. नितीनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतून पुण्याहून जयपूरला बदली होऊन तीन वर्षं झाली होती. आम्ही दुर्गापुऱ्यात राहत होतो आणि गाडीवर अजून पुण्याची नंबरप्लेट मिरवत होतो. वर्षाच्या आत ती बदलायला हवी होती, हे माहीत होतं. पण पुण्याच्या माणसाकडून पुणं सुटतं, पुण्याचा नंबर सुटत नाही. "पुढच्या वर्षी बदली होणारच आहे," असं आम्ही तिन्ही वर्षं म्हणालो.

तिसऱ्या वर्षी मला झोटवाड्यातल्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. म्हणजे घर शहराच्या एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या. दोन बस बदलायच्या, वर एक ऑटो. म्हणून चाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, लायसन्स काढलं आणि दुसऱ्याच महिन्यात एका वासराला वाचवताना गाडी रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर घातली. वासरू शांतपणे निघून गेलं. मला खरचटलंही नाही. पण पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि महिनाअखेरीस राजीनामा द्यायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं. नोकरी मला अतिशय आवडत होती. तरीही ठरवलं.

नितीनने प्रेमापोटी एक उद्योग केला. क्लेमच्या फॉर्मवर चालकाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. "नवं लायसन्स, त्यात बाई. विमावाले शंभर प्रश्न विचारतील, वर हप्ता वाढवतील," तो म्हणाला. हुशार इतका, की सर्व्हेअर यायच्या आधी जाऊन सीटही आपल्या उंचीप्रमाणे मागे सरकवून आला.

काका आले, चपला काढून सीटवर बसले आणि आरशात बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, तुम्ही चालवत होते?"

"हो."

"मागची काच न पाहता चालवता काय? मले तर यात मागची सीट दिसून राहिली. अन् सीटवरची छत्री." ते आमच्या दोघांच्या उंचीकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "सीट उंच माणसाची अन् आरसा बुटक्या माणसाचा. असं कसं जी?"

नितीनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बारा वर्षांची आमची मुक्ता दारात उभी राहून फिदीफिदी हसत होती. शेवटी मीच म्हणाले, "काका, मी चालवत होते."

"लायसन्स आहे?"

"आहे. पक्कं."

"मग लपवता काहून, बाप्पा? खरं लिहिलं असतं तर क्लेम सरळ पास होता. खोट्यानं मात्र पुरा बुडला असता."

काका घरात आले, मी दिलेला चहा अर्धा प्यायले आणि उरलेला अर्धा त्यांनी अगदी सावकाश, टेबलावरच्या त्या फॉर्मवर ओतला. "खराब झाला," ते म्हणाले. "कंपनीत तर अजून गेलाच नव्हता. माझ्यापाशी कोरा आहे. ज्यायनं ठोकली, त्यायनं लिहा."

मी लिहीत होते आणि काका नितीनला समजावत होते. "हप्ता काही बाईचं तोंड पाहून नाही वाढत, साहेब. विमा दोन गोष्टी विचारते. गाडी कुठली, अन् चालवणारा कसा. पुणं मोठ्या शहरांच्या यादीत आहे, तिथल्या गाडीला हप्ता जास्त. जयपूर नाही त्या यादीत. तुम्ही राहून राहिले इथं अन् भरून राहिले पुण्याचा."

"यंदा बदली होईल बहुतेक," नितीन पुटपुटला.

"होईल तेव्हा होईल. आज रात्री गाडी कुठं झोपते?"

नितीन टेबलावर सांडलेला चहा पुसू लागला.

"अन् चालवणारा कसा, ते वर्ष गेल्यावर कळते," काका पुढे म्हणाले. "क्लेम नाही केला तर बोनस, म्हणजे हप्त्यात सूट. दर वर्षी वाढत जाते. पाच वर्षांत गाडीच्या नुकसानीचा हप्ता निम्म्यावर येते. एक क्लेम केला, की पुन्हा शून्य. अन् हा बोनस गाडीचा नसते, माणसाचा असते. गाडी विकली तरी माणसासंगं जाते."

मग त्यांनी बॉनेट उघडून इंजिन तपासलं, ते ठीक आहे अशी खात्री केली, बॉनेट सुतळीने करकचून बांधलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली. गॅरेज झोटवाड्यात होतं. मी नाही म्हणाले. नितीन पुढे झाला, तर काकांनी हात मागे घेतला. "साहेब, तुम्ही ऑटोनं या," असं म्हणून ते शेजारच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

शेवटी मी स्टिअरिंगमागे बसले, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. काका समोर बघत म्हणाले, "आधी सीट. मग आरसा. मग रस्ता. घाई नोका करू, मले कुठंच जायचं नाही."

त्या तासाभरात त्यांनी मला एकही सूचना दिली नाही. फक्त गावाची ओळख करून दिली, आणि तीही डेंटवरून. परकोट्यातल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या गाड्यांचे बाजूचे आरसे जातात, कारण गल्ल्या अरुंद. हायवेवरच्या गाड्यांचं तोंड जातं, कारण नीलगाय. दुर्गापुऱ्याच्या बंगल्यांतल्या गाड्यांचं मागचं बंपर जातं, कारण मालक आपल्याच फाटकाला धडकतात. मी चक्क हसले. हसता हसता एक बस माझ्या उजवीकडून गेली आणि ती गेल्याचं मला नंतर कळलं.

गॅरेजपाशी उतरल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं कॉलेज कुठं?"

"या मागच्याच रस्त्याला."

"मग रस्ता तर पाठ झाला," एवढंच म्हणून ते मिस्त्रीकडे वळले. राजीनामा मी दिला नाही.

क्लेम पास झाला आणि नितीनचा बोनस अर्थातच शून्यावर आला. त्यावर काकांचा सल्ला तयार होता. "आता बुडायला काही राहिलंच नाही, तर गाडी ताईच्या नावावर करा. नंबरही इथला घ्या. शून्यापासून त्यांचा बोनस त्यायले कमवू द्या." जुनी प्लेट काढताना नितीनने लेक सासरी पाठवल्यासारखा चेहरा केला. मलाही जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण संध्याकाळी शेजारच्या शर्माआंटी नव्या प्लेटकडे बघून म्हणाल्या, "चलो जी, अब आप यहीं की हो गईं," आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी पुण्याच्या बदलीचा विषय न काढता जेवले.

पुढे दर वर्षी विम्याच्या तारखेला काकांचा फोन यायचा. "यंदा किती?" मी सांगायची, वीस टक्के. पंचवीस. पस्तीस. त्यांचा आवाज मुलीचा निकाल ऐकल्यासारखा व्हायचा. एकदा मी म्हटलं, "काका, या बोनसपायी आता गाडी बाहेर काढायची भीती वाटते." तर त्यांनी बनी पार्कातल्या त्यांच्या एका शेजाऱ्याची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी बोनस जाऊ नये म्हणून गाडी वर्षानुवर्षं कापडाखाली ठेवली होती. काढली तेव्हा सीटखाली उंदरांनी संसार थाटलेला. "झाकून ठेवलेल्या गाडीचा बोनस, तो काय बोनस होय?" काका म्हणाले.

डोळे अधू झाले तेव्हा ते अमरावतीला मुलाकडे गेले. स्टेशनवर मीच सोडलं त्यांना. घरून निघताना, माझ्या गाडीत बसण्याआधी सवयीप्रमाणे त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि, दिसत नव्हतं म्हणून, सीट जिच्यावर सरकते त्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "एकाच जागी घासली," ते म्हणाले. "आता ही सीट कोणी हलवत नाही." त्यानंतरही एक वर्ष फोन आला, पंचेचाळीस टक्क्यांचा.

यंदा पन्नास झाले. याच्यावर बोनस जातच नाही. तारखेला फोन वाजला नाही, कारण काका मार्चमध्ये गेले. त्यांच्या मुलाने कळवलं होतं. तरीही त्या दिवशी मी दोनदा फोन हातात घेऊन पाहिला, आणि मग बाथरूमात जाऊन रडून आले.

बाहेर आले तर मुक्ता उभी. अठरा पूर्ण, लायसन्स हातात, नजर किल्लीवर. नितीनने मला बाजूला घेतलं. "आत्ता कुठे पन्नास झालाय. हिच्या हातून एक डेंट, की पुन्हा शून्य. निदान थोडे दिवस थांब."

मी किल्ली मुक्ताच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ती माझ्यापेक्षा चांगली उंच आहे, बापावर गेली आहे. गुडघे स्टिअरिंगला लागत होते.

"आई, मतलब, मागचं काहीच दिसत नाहीये. फक्त सीट दिसतेय."

"आधी सीट," मी म्हणाले. पाच वर्षं एका जागी बसलेली ती सीट जरा कुरकुरली आणि मागे सरकली. "मग आरसा. मग रस्ता. घाई नोका करू. मले कुठंच जायचं नाही."