नव्या बादलीतली माती

यंत्राची ज्योत पेटली की पंखा बंद करायचा, खिडक्या लावून घ्यायच्या. वारं लागलं तर ज्योत हलते आणि काटा नाचतो. जालन्याच्या मे महिन्यात हे काम ज्यानं केलं नाही, त्यानं खुशाल विज्ञानाचे गोडवे गावेत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी ते रोज करत होतो. दुपारपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही.

यंत्राचं काम तसं साधं. मातीचा अर्क बारीक नळीतून ज्योतीत ओढला जायचा. एका बाजूला जस्ताचा दिवा. त्या दिव्याचा खास प्रकाश ज्योतीतलं जस्तच गिळायचं. पलीकडे तो जितका कमी पोचला, तितकं मातीत जस्त जास्त. ज्योतीचा गॅस औरंगाबादहून यायचा, म्हणजे बहुतेक वेळा यायचाच नाही. वरचे साहेब उंटावरून शेळ्या हाकायचे आणि आम्ही सिलिंडरची वाट बघत बसायचो.

अशाच एका दुपारी शहागडकडचे एक वयस्कर शेतकरी निकाल विचारायला आले. हातात मोसंबीची फांदी. पानं बारकी, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा; जस्त कमी पडलं की अशीच होतात. थोरल्या भावानं त्यांना बजावलं होतं, मातीत दोष निघाला तर औषध करू; नाही निघाला तर बाग तोडून हायब्रीड ज्वारी पेरू.

"खांद्यावर पानी वाहून जगवली बाग, साहेब. मशीन काय म्हन्ते?"

मशीन म्हणत होतं, जस्त भरपूर. मी तसं सांगितलं. त्यांनी फांदी टेबलावर ठेवली, टोपी सारखी केली.

"मंग तोडतो," म्हणाले.

मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण आकडा डोळ्यांत खुपत होता. आमच्या भागातल्या काळ्या मातीत एवढं जस्त मी कधी पाहिलं नव्हतं. मी वैतागूनच विचारलं, "काका, माती कालवली कशात?"

"बादलीत. सोच्छ भांडं घ्या म्हन्ले व्हते. घरची बादली शेनाची. काळी आई तपासनीला चालली, तिला शेनात कसं घालावं? बाजारातून नवी कोरी आनली. पत्र्याची, चकचकीत."

मी कपाळावर हात मारला. त्या पत्र्यावर मुलामा असतो तो जस्ताचाच. ओली माती बादलीत घोळली आणि तो मुलामा तिला लागला. आम्ही शेत नाही, बादली मोजली होती. हे समजावलं, तर त्यांनी टेबलावरची फांदी परत उचलली.

"म्हंजी आईला नवं लुगडं नेसवलं, अन् तुमी लुगडंच तपासलं?"

"तसंच झालं. आता पुन्हा माती आणा. लाकडानं उकरा, सुती फडक्यात बांधा. आणि तोवर कुऱ्हाडीला हात लावू नका."

ते पुन्हा आले तेव्हा सिलिंडर तळाला टेकलं होतं. मंठ्याकडच्या मातीच्या पिशव्यांचा ढीग आधीचा, नियमानं पाळी त्यांची. नियम गेला खड्ड्यात, म्हणून मी काकांचीच माती आधी घेतली. पंखा बंद केला, ज्योत पेटवली. दोघंही घामानं निथळत होतो. काटा जागचा हलेना. परत अर्क ओढला. काटा तिथंच.

"न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्या मातीत जस्त नसल्यातच जमा आहे."

"बराबर बगा, साहेब."

"बरोबर बघितलं. फवारणी करा, बाग सावरेल."

ते तिथंच उपरण्यात तोंड घालून रडले. मातीत काही नाही हे ऐकून सुखावलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. थोड्याच वेळात गॅस संपला, आणि मंठ्याच्या पिशव्या तशाच पडून राहिल्या.

पुढं एकदा अशाच भर दुपारी दार ढकलून ते आत आले. हातात तीच पत्र्याची बादली, मोसंब्यांनी काठोकाठ भरलेली. ती त्यांनी थेट यंत्राशेजारी ठेवली.

"आता तरी चालंल ना ही बादली?"

ज्योत पेटलेली होती, नमुने रांगेत होते. मी ज्योत विझवली, पंखा लावला, आणि आम्ही दोघं मोसंबी सोलत बसलो.