एकतीस स्थळं, सतरा मदरबोर्ड

समई अर्धी घासून झाली होती. खालची बैठक चिंचेने पिवळीधमक झाली होती आणि वरचा दांडा अजून काळाच होता, तेवढ्यात यतीनभावजी आले. आज धनत्रयोदशी, संध्याकाळी दिव्याला समई हवी, तेव्हा कोणी आलं तरी हात थांबवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण भावजींनी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "वहिनी, आता फक्त तीन उरलेत."

मी म्हटलं, "मागच्या शनिवारीही तीनच होते."

"ते तीन वेगळे होते."

यतीन माझे धाकटे दीर. वय सत्तेचाळीस. पुण्याहून इथे अमेरिकेत येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्येच, आमच्यापासून दहा मिनिटांवर, भाड्याच्या एका बेडरूममध्ये राहतात. घर घ्यायचं आहे, पण बाजार उतरायची वाट बघतायत. मध्यंतरी तो चांगला उतरला होता. तेव्हा त्यांना वाटलं, अजून उतरेल. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. त्यात त्यांचं मोठं नाव आहे. स्वतः काही करायचं म्हटलं की मात्र आधी सगळ्या चुका दिसतात आणि मग करायचं राहूनच जातं.

गेल्या मे महिन्यात त्यांच्याबरोबर शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात आंबे आणायला गेले होते. माझा महिन्याचा किराणा झाला, हार झाले, कापूर झाला, तरी भावजी आंब्यांच्या पेट्यांपुढे वाकून एकेका फळाचा देठ हुंगतायत. पार्किंगची वेळ संपली, गाडीवर दंडाची चिठ्ठी लागली. आंबे आणलेच नाहीत. म्हणाले, पुढच्या आठवड्याचा लॉट चांगला असतो. पुढच्या आठवड्यात लॉटच आला नाही.

तर अशा माणसाच्या हाती माझ्या मुलीचा कॉम्प्युटर.

ऋताचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष, म्हणजे आपली बारावी आहे. तिला ॲनिमेशन शिकायचंय, आणि तिच्या मनातल्या कॉलेजला एक नोव्हेंबरपर्यंत स्वतः केलेली फिल्म पाठवायची आहे. एका कावळ्याची सहा मिनिटांची गोष्ट तिने वर्षभर खपून केली. पण सगळी चित्रं जोडून ती अखंड तयार करायला घेतली की तिचा लॅपटॉप चौथ्या मिनिटाला धापा टाकतो आणि बंद पडतो. जूनमध्येच ह्यांनी, म्हणजे शशिकांतनी, तयार कॉम्प्युटर मागवायला घेतला होता. भावजींनी हात धरला. "दादा, रेडीमेड म्हणजे शुद्ध फसवणूक. मी बिल्ड करून देतो." ह्यांनी भावाचं ऐकलं. जुलैमध्ये सेलमध्ये प्रोसेसर आला, मेमरी आली, कॅबिनेट आलं. सगळी खोकी तेव्हापासून सोफ्याखाली आहेत, व्हॅक्यूम करताना मी ती सरकवते आणि परत ठेवते. राहिला तो मदरबोर्ड. बाकी सगळं ज्याच्यावर बसवायचं तो. पाटच नाही, तर देव मांडायचे कुठे?

मी ओल्या हातानेच स्क्रीनमध्ये डोकावले. एक्सेलची भली मोठी शीट होती. सतरा बोर्ड, एकाखाली एक, रंगीत चौकटींत. सगळ्यात शेवटचा रकाना 'एकंदर मत'. त्यात सतरापैकी चौदा ठिकाणी लिहिलेलं, 'पुन्हा विचार करू'.

मला हे अक्षरन्‌अक्षर ओळखीचं वाटलं. मी म्हटलं, "भावजी, ही शीट तुम्ही नवी केलीत की जुनीच आहे?"

"फॉरमॅट जुनाच आहे. चांगला होता."

चांगला होता म्हणे. दोन हजार दहा साली ह्याच फॉरमॅटमध्ये एकतीस स्थळं होती. सासूबाई पुण्याहून फोटो पाठवायच्या, भावजी इथे रकाने भरायचे. उंचीचा रकाना तसाच होता, त्यात आता बोर्डाची मापं. पत्रिकेचा रकानाही ठेवला होता, त्यात प्रोसेसरशी जुळतो की नाही ते. तेव्हा एकोणिसाव्या ओळीत कांचन होती. शिकागोतच नोकरी, हसतमुख, घरी दोनदा येऊन गेली, सासूबाईंनी साडीसुद्धा काढून ठेवली होती. भावजींनी लिहिलं, 'पुन्हा विचार करू'. त्यांचा विचार होईस्तोवर तिचं कुणा अमितशी लग्न झालं. आता आमच्या मंडळाच्या गणपतीत ती प्रसाद वाढते, आणि भावजींच्या द्रोणात एक मोदक जास्त टाकते. ते तोही मोदक खातात.

"तर कोणता घ्यायचा?" मी विचारलं.

"तसा हा दोन नंबरचा ठीक आहे. पण वहिनी, जानेवारीत नवे येतायत. आत्ता घेणं म्हणजे मूर्खपणा."

ऋता जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती खाली आली. "काका, जानेवारीवाला बोर्ड आपल्या प्रोसेसरला फिट होतो का?"

भावजींनी चष्मा काढला, पुसला. "तसा नाही होणार. सॉकेट बदलतंय. मग प्रोसेसरही नवा घ्यावा लागेल."

"सो यू आर वेटिंग फॉर अ बोर्ड दॅट डझन्ट फिट."

"मी वेट नाही करत आहे. मी इव्हॅल्युएट करतोय."

"काका, इट्स ड्यू इन टू वीक्स," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की मी चिंचेचा गोळा सिंकमध्ये टाकला आणि हात धुतले.

आमच्या माहेरी ज्या गोष्टीवर एकमत होत नाही तिच्या चिठ्ठ्या करून देवापुढे टाकतात आणि घरातल्या लेकीकडून उचलवतात. मी वहीचं कोरं पान फाडलं, तीन बोर्डांची नावं भावजींकडूनच लिहून घेतली.

"वहिनी, हे अनसायंटिफिक आहे."

"पाच महिने तुमचं सायन्स झालं. आता देवाला दोन मिनिटं द्या."

त्यावर ते म्हणाले, फेअर व्हायचं तर चौथी चिठ्ठी पाहिजे. आणि स्वतःच्या हाताने लिहिली, 'थांबा'. मी हरकत घेतली नाही. गणपतीच्या पुढ्यात चारही ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले. ऋताने एक उचलली. उघडली.

थांबा.

भावजींचा चेहरा असा फुलला की एकतीस स्थळांत कधी फुलला नसेल. "बघा. देवालाही पटतंय."

मी नास्तिक असते तर एव्हाना चिठ्ठी फाडून मोकळी झाले असते. पण देवापुढे हात जोडून विचारलं होतं, आता उत्तर आवडलं नाही म्हणून तोंड फिरवता येत नव्हतं. मी गॅसपाशी जाऊन उभी राहिले. कुकर नुकताच चढवला होता, पहिली शिट्टी व्हायची होती.

"थांबते," मी म्हटलं.

ऋता माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांत पाणी.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. भावजी लॅपटॉप मिटायच्या बेतात होते. तिसरी झाल्यावर मी गॅस बंद केला आणि परत देव्हाऱ्यापाशी आले. "देवाने थांबा म्हटलं, थांबले. किती ते काही त्याने लिहिलं नव्हतं. ऋता, उचल."

"अहो, ही चीटिंग आहे," भावजी म्हणाले. "आणि 'थांबा'ची चिठ्ठी कुठे गेली?"

"ते त्याने एकदा सांगून झालंय. तेच तेच त्याला कशाला विचारायचं?"

उरलेल्या तिनांतली ऋताने एक उचलली. दोन नंबरचा बोर्ड. तसा ठीक असलेला.

भावजींनी तो कागद उलटसुलट करून बघितला. मग हळूच म्हणाले, "वहिनी, घेतला आणि काही प्रॉब्लेम निघाला, तर सगळे म्हणणार यतीनने निवडला."

पाच महिन्यांत पहिल्यांदा ते खरं बोलले. मला जरा वाईट वाटलं, पण जराच. मी म्हटलं, "आता कोणी म्हणणार नाही. गणपतीने निवडलाय. तुम्ही फक्त घेऊन या. आज धातू घरात आणायचा दिवस आहे, ह्यापेक्षा चांगला मुहूर्त सापडायचा नाही." दुकान वीस मिनिटांवर. चिठ्ठी खिशात घालून ते गेले.

मी परत समई हातात घेतली. दांड्याची एक कडी घासून झाली असेल नसेल, फोन आला. मागे दुकानातलं गाणं वाजत होतं.

"वहिनी, आपलावाला आहे. दोनच पीस उरलेत. पण त्याच्या बाजूला एक अठरावा आहे, तो माझ्या शीटमध्येच नव्हता. मी जरा त्याचे फोटो पाठवतो. उद्या पुन्हा—"

"भावजी," मी म्हटलं, "त्या दोनांतला एक हातात घ्या आणि आहात तिथेच उभे राहा. दुसरं काही वाचू नका."

ऋता किल्ली घेऊन दारात उभीच होती. समई तशीच अर्धी काळी सिंकमध्ये ठेवली, देवाला नमस्कार केला, आणि आम्ही दोघी दुकानात निघालो, दोन नंबरचा बोर्ड आणायला.