सवयींच्या कागदात नसलेला कान

परदेशातून मूल दत्तक घ्यायला माणसं येणार असली की आमच्या बालगृहात मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखी धावपळ उडायची. फरक इतकाच, की पोहे आम्हीच खायचो. पाहुण्यांना मिरची सोसायची नाही. मुलाला दोनदा आंघोळ, मानेला पावडर, नवे कपडे. आणि सगळ्यात महत्त्वाचा सवयींचा कागद. मूल काय खातं, कसं झोपतं, कशाला घाबरतं, हे आम्ही मावश्यांनी सांगायचं आणि ऑफिसातल्या बाईंनी इंग्रजीत टाइप करायचं. आमचं सांगणं ठरलेलं. सगळं खाते. आपली आपण झोपते. रडत नाही. आजारी पडत नाही. एकदा बाई टायपिंग थांबवून म्हणाल्या, "अगं, हे मूल आहे की कॅलेंडरवरचा फोटो?" पण टाइप त्यांनी केलंच.

पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. मी बेलापुरात नवीन होते. सहावीत शाळा सुटलेली, सांगोल्याकडून इतक्या लांब आलेली. या बालगृहानं मला खाट दिली, दोन वेळचं जेवण दिलं आणि विसाव्या वर्षीच 'मावशी' करून टाकलं. उपकार इतके वाटायचे, की ऑफिसचं दार जरा जोरात लागलं तरी मी आधी माझी पिशवी आवरायला घ्यायचे. झालं, आता आपल्याला काढणार.

माझ्याकडे दीड वर्षाची एक पोरगी होती. आवाज लग्नातल्या लाउडस्पीकरसारखा. तिचा डावा कान फुटायचा. पंधरा दिवस बरा, मग अचानक पू, वास आणि बोंबाबोंब. डॉक्टर तपासायला आले त्या दिवशी कान एवढा शहाण्यासारखा वागला, की त्यांच्या रिपोर्टात काहीच आलं नाही. सवयींच्या कागदाच्या वेळी मी तोंड उघडलं, तर मोठ्या मावशीनं दंडाला चिमटा काढला. ती इथल्याच गावातली, आमच्यात सगळ्यात जुनी.

"गप र्‍हा गो! फुटक्या कानाची पोरगी कोन नेल? तिकडं मोठं मोठं डाक्टर हायत, बघतील."

मला पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. मी म्हटलं, "आजारी पडत नाही." बाईंनी टाइप केलं.

नवरा-बायको आले. कुठल्याशा बर्फाळ देशातले, दोघंही शाळामास्तर. नवरा एवढा उंच, की दाराच्या चौकटीला कपाळ आपटूनच आत आला आणि वर चौकटीलाच सॉरी म्हणाला. पोरगी बिस्किटासाठी त्यांच्याकडे गेली. कोर्टाचं काम झालेलंच होतं. व्हिसा मिळेपर्यंत ते तिला घेऊन वाशीच्या गेस्ट हाउसवर राहायला गेले. मी आत जाऊन मनसोक्त रडले आणि उरलेले पोहे संपवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हाक मारली. "चप्पल घाल. वाशीला जायचंय."

रिक्षात बसल्यावर त्या बोलल्या. "दोन दिवस पोरगी खात नाही, झोपत नाही. हात लावला की किंचाळते. त्या बाईचं म्हणणं, हिला आम्ही नको आहोत, जबरदस्तीनं कसं न्यायचं? परत घ्या म्हणतात."

मला किंचाळण्याचं कारण माहीत होतं.

खोलीत पोरगी पलंगावर लाल होऊन ओरडत होती आणि एका हातानं डावा कान ओढत होती. मला बघताच तिनं झेप घेतली. ते बघून त्या बाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे होते.

आता सांगितलं तर माझी नोकरी जाणार आणि आजारी म्हणून पोरगी परत येणार. नाही सांगितलं तर पोरगी परत येणारच, कान तेवढा ठणकत राहणार. गणित सोपं होतं, पण माझी सहावीच झालेली. जरा वेळ लागला.

"बाई, हिचा कान फुटतो."

"काय?"

"डावा. पहिल्यापासून. मी मुद्दाम नाही सांगितलं."

बाईंनी डोळे मिटले. "आणि हे मी आता यांना सांगू?"

"सांगा. मला काय बोलायचं ते नंतर बोला."

बाईंनी इंग्रजीत सांगितलं. त्या बाईनं काहीतरी विचारलं. मग पुन्हा तेच विचारलं.

"विचारतेय, कान दुखतो म्हणून रडते का? आम्ही आवडत नाही म्हणून नाही?"

"आवडायला वेळ कुठं मिळालाय हिला?" मी म्हटलं. "कानातून डोकं वर निघेल तेव्हा बघेल ना यांच्याकडे!"

हे बाईंनी कसं सांगितलं देव जाणे, पण ती बाई हसता हसता रडायला लागली आणि नवऱ्यानं तिला मिठी मारली. पोरीचा कान फुटतो म्हणून इतकी खूश झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

वाशीतल्याच डॉक्टरनं औषध दिलं, थेंब दिले आणि बजावलं, कान बरा झाल्याशिवाय विमान नाही. परत येऊन नवऱ्यानं वही काढली. आणखी काय काय आहे, सगळं सांगा म्हणाला. मी बाईंकडे पाहिलं.

"बोल आता," बाई म्हणाल्या. "झाकायचं काय राहिलंय?"

मग मी सुटले. वरणभात कुस्करून हातानंच भरवावा लागतो. बिस्किट चोखून तुमच्या खिशात ठेवते. झोप आली की चावते. पालथी घालून पाठीवर थोपटायचं, पण हळूहळू नाही, गादी झटकल्यासारखं. कुकरच्या शिट्टीला घाबरते. टकल्या माणसाला चापट मारते. इथं नवऱ्यानं स्वतःचे केस चाचपले. वहीची तीन पानं भरली.

परतताना बाई म्हणाल्या, "तुला काढायला पाहिजे. पण टाइप मी केलंय, म्हणजे आधी मलाच काढावं लागेल. उद्यापासून रोज वाशीला जायचं, थेंब घालायला."

रोज गेले. पोरीला मांडीत दाबायचं, थेंब घालायचे, शिव्या खायच्या. ती चावायची, ते दोघं बाजूला उभे राहून घाबरायचे. सातव्या दिवशी मी बाटली काढली आणि मांडी घालून तयारीत बसले. पोरीनं माझ्याकडे बघितलं, पाठ फिरवली आणि त्या बाईच्या मांडीवर चढली. उजवा कान खाली, डावा वर. जणू घाल म्हणून हुकूमच.

त्या बाईनं माझ्या हातातून बाटली घेतली. दोन थेंब गालावर पडले, तिसरा कानात गेला. पोरगी ओरडली, आणि तिच्याच कुशीत तोंड खुपसून ओरडली.

मी तशीच मांडी घालून बसून राहिले. मला राग आला होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं. नवऱ्यानं स्वतः केलेला चहा माझ्यासमोर आणून ठेवला. त्यात ना साखर, ना आलं. मी कपभर चहा सगळा संपवला आणि अजून हवा म्हटलं.