माळढोकाचं टरफल

अप्पा, म्हणजे माझे वडील, नान्नजच्या माळावर वनखात्याचे रोजंदारीवरचे पहारेकरी होते. माळढोक पक्षी मोजायचे, कुत्री हाकलायची, घुसलेली गुरं वळवायची. मी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. घरी पत्र्याच्या डब्यात, कापसात ठेवलेलं माळढोकाच्या अंड्याचं टरफल होतं. ते मी दरवर्षी वर्गात न्यायची. 'माळावर सापडलं' असं अप्पा सांगत, मीही मुलांना तेच सांगायची. अशी वस्तू परवानगीशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे, हे शिकवणारीही मीच. पण तो कायदा आमच्या डब्यालाही लागू होतो, हे मनात आलं तरी मी बाजूला सारायची.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता पक्ष्यांच्या जनुकांवर संशोधन करते. तिला ते टरफल आठवत होतं.

"मॅडम, आतल्या पापुद्र्यात जनुकं टिकली असतील. आपल्या माळावरचा पक्षी तर आता दिसतच नाही. पण रीतसर, वनखात्यामार्फतच द्यावं लागेल. कुठं, कसं मिळालं ते लिहून."

अप्पा खाटेवर बसून ऐकत होते. "त्यातनं पाखरू परत करता येतंय व्हय?"

"नुसत्या टरफलातून नाही, अप्पा. पण राजस्थानात अजून थोडे माळढोक आहेत. त्यांच्या बीजपेशी घ्यायच्या, हरवलेली जुनी जनुकं त्यांत घालायची, आणि त्या पेशी कोंबडीत वाढवायच्या. कोंबडीच्या पोटी माळढोक, असं समजा. अजून लांबची गोष्ट आहे."

"म्हंजे परत कोंबडीच," अप्पा म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

ती गेल्यावर मी चहा घेऊन ओट्यावर गेले. अप्पांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"ते सापडल्यालं न्हाय. मी उचललंय."

त्या वर्षी माळावर एकच मादी अंड्यावर बसली होती. माळढोकाची मादी वर्षाला एखादंच अंडं घालते. एका दुपारी गुरांचा कळप आला आणि मादी उडाली. तासभर वाट पाहूनही ती परतली नाही. अंडं उन्हात पडलेलं, लांब कुत्री दिसत होती. अप्पांनी ते पटक्यात गुंडाळून घरी आणलं आणि खुडूक कोंबडीखाली ठेवलं.

"दुसऱ्या दिशी सकाळी गेलो, तर ती तितंच फिरत हुती. अंडं हुतं त्या जागेभवती. वाकायची, बघायची."

"मग परत का नाही ठेवलंत?"

"भ्यालो की. सायबानं बघितलं तर काम जाईल म्हनून. आन वाटलं, कोंबडी उबवंल." त्यांनी कप खाली ठेवला. "नासलं. हापिसात सांगितलं, कुत्र्यानं खाल्लं."

मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. एवढी वर्षं ते टरफल मी किती कौतुकानं मुलांच्या हातात देत आले होते!

अप्पांनी सगळं लिहून द्यायचं ठरवलं. अक्षर माझं, सही त्यांची. खाली माझाही जबाब मी जोडला. वन कार्यालयातला तरुण अधिकारी ते दोनदा वाचून म्हणाला, "काका, हे सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं."

"मला कळत हुतं न्हवं," अप्पा म्हणाले.

त्यानं पंचनामा करून टरफल ताब्यात घेतलं. वरिष्ठांकडे कळवतो म्हणाला. अजून कुणी विचारायला आलेलं नाही. परवानगी मिळून टरफलाचा एक तुकडा प्रयोगशाळेत गेला.

दोन महिन्यांनी विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, टरफल कधी उकळलं होतं का? वाचण्यासारखं काहीच उरलेलं नाही."

नासल्याचा वास जावा म्हणून अप्पांनी ते चुलीवर उकळून घेतलं होतं. तेही त्यांनी त्या दिवशी ओट्यावरच मला सांगितलं होतं. जबाबात ते लिहायचं मला सुचलं नव्हतं.

अप्पा आता दर आठवड्याला विचारतात, "त्या पोरीचा काय निरोप?" मी म्हणते, "काम चाललंय, अप्पा. वेळ लागतो." ते मान हलवतात. पुढच्या रविवारी सांगेन, असं मी दर रविवारी ठरवते.