मालोजीचा गुडघा

सोनबा उतेकर मांडव बांधायचा. पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीच्या काठाने ज्या वाड्या आहेत, तिथल्या लग्नांचे मांडव त्याच्या हातचे, आणि त्या वाड्यांत कुणी गेलं की तिरडीही त्याच्याच हातची. बांबू तेच, काथ्या तोच, माणूसही तोच. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. लग्नाचं बोलावणं आलं की तो आधी चहा प्यायचा, दर ठरवायचा, मग जागा बघायला उठायचा. मयताला मात्र त्याला बोलवावं लागत नसे. रडणं कानावर आलं की कोयता घेऊन निघायचा, आणि त्या कामाचा पैसा त्याने कधी घेतला नाही. त्याच्या बापानेही घेतला नव्हता.

तिरडी बांधणारा नुसती तिरडी बांधत नाही. आंघोळ घालताना, पायांचे अंगठे एकमेकांना बांधताना तो आत, मयताजवळ असतो. माणूस कुठल्या अवस्थेत सापडला, अंगावर काय होतं, घरातलं कोण काय बोललं, हे सगळं त्याला कळतं. ते तो बाहेर बोलत नाही. असा नियम कुणी घालून दिला नव्हता, पण सोनबाला घरात घेतात ते याच भरवशावर, हे वाडीला ठाऊक होतं आणि सोनबालाही.

१९६१ च्या नाताळच्या सुटीत मुंबईच्या एका कॉलेजचं नाट्यमंडळ पोलादपुरात शिबिराला आलं. त्यांचे प्राध्यापक सबनीस हे जरा वेगळ्या मताचे गृहस्थ होते. मुलांना तोंडाला रंग लावायची घाई असते, पण रंगमंच उभा कसा राहतो हे त्यांना माहीत नसतं, अशी त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी ठरवलं की मुलांनी खेड्यात जायचं, मोकळ्या मैदानावर आपल्या हातांनी स्टेज उभारायचं, पडदे टांगायचे, गॅसबत्त्या बांधायच्या, लागणारं सामान गोळा करायचं आणि शेवटी गावापुढे एकांकिका करायची. शाळेचं मैदान मिळालं. मांडवाच्या कामाला आणि मुलांना गाठी शिकवायला सोनबाला रोजावर घेतलं.

पहिले दोन दिवस सोनबा मुलांशी फारसं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला 'मास्तर' म्हटलं. थट्टेतच म्हटलं असेल, पण ते चिकटलं. "मास्तर, ही गाठ बघा." "मास्तर, खांब हलतोय." सबनीस सर चहाला त्याला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवायचे. सोनबा आधी खुर्चीच्या कडेला टेकायचा, मग नीट बसायला लागला. महाडहून गॅसबत्त्या घेऊन आलेला तय्यब ते बघून म्हणाला, "काय मास्तर, फी किती घेता? माझ्या पोराला पाठवतो, तो पण टांगायच्याच लायकीचा हाय." घरी बायको बनुबाई म्हणाली, "उद्यापास्नं पाटी-दप्तर नेत जा, म्हंजे पुरं होईल." सोनबा हसला. त्याला ते आवडत होतं, हे बनुबाईला दिसत होतं.

एकांकिका शेतकऱ्याच्या घरातल्या मृत्यूवर होती. सामानाच्या यादीत तिरडी होती. शरद वागळे नावाच्या मुलाने एक बांधली. तय्यबने ती भिंतीला लावून बघितली आणि म्हणाला, "हिच्यावर चढून बत्ती टांगता येईल." सरांनी सोनबाला विचारलं.

"ते नाय जमायचं," सोनबा म्हणाला. "माणूस गेल्याबिगर तिरडी बांधत नाय."

सरांनी आग्रह केला नाही. तो त्यांनी केला असता तर सोनबा कदाचित अडून बसला असता. जेवणानंतर त्याने स्वतःच तोड काढली. आडव्या काठ्यांतली एक मुद्दाम गाळायची, म्हणजे ती तिरडी होत नाही, नुसती काठ्यांची बांधणी होते. सरांना हे फार पटलं. सोनबाने काठ्या घेतल्या, एक बाजूला फेकली आणि मुलांना बांधून दाखवायला बसला. अपशकुनाची वाट त्याने अशी नीट बंद केली.

मयताचं काम शरदकडे होतं. तो त्या बांधणीवर आडवा झाला आणि म्हणाला, "मास्तर, मी बरोबर मेलोय का?"

"लय सरळ मेलायस," सोनबा म्हणाला. "माणूस असा फळीसारखा मरत नाय."

"मग कसा मरतो?"

मुलं भोवती बसली होती. नलिनी प्रधान म्हणून एक मुलगी विधवेचं काम करणार होती, ती पुढे सरकली. सोनबाने विडी काढली, पेटवली नाही.

"एका गावात," तो म्हणाला, "एक बाप्या बसल्या जागी गेला."

ते गाव त्याचंच होतं आणि तो बाप्या मालोजी. मालोजी मुंबईला गोदीत होता. छाती धरली म्हणून घरी आला. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून भिंतीला टेकून, एक पाय पोटाशी घेऊन बसायचा. तसाच एका पहाटे गेला. कळेपर्यंत अंग कडक झालं होतं. म्हातारा बाप भागोजी अंगणात कपाळ बडवत होता, माणसं लाकडाला गेली होती. आत सोनबा आणि मालोजीची बायको राहीबाई, दोघंच. सोनबा आणखी कुणाला हाक मारणार, तर राहीबाईने दार लोटून घेतलं.

"नको, भावजी. उभ्या गावात ताठ चालला माणूस. असा वाकडा नाय दिसू द्यायचा कुणाला."

सोनबाने गुडघा दाबला. तो खाली गेला आणि हात काढल्याबरोबर वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. शेवटी राहीबाई म्हणाली, "सरा बाजूला," आणि स्वतः त्या गुडघ्यावर बसली. गुडघा तिला घेऊन वर आला. ती एका अंगाला कलंडली आणि हसली. मोठ्याने, पोट धरून, मग दोन्ही हातांनी तोंड दाबून. बाहेर रडणं चाललं होतं. सोनबाने पंच्याने पाय बांधून टाकला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "भावजी, मी हसले ते—"

"कोण हसलं?" सोनबा म्हणाला. "मी नाय ऐकलं."

याला दोन वर्षं झाली होती. सोनबाने हे बनुबाईलाही सांगितलं नव्हतं. आता शाळेच्या मैदानात बसून त्याने ते सगळं सांगितलं, दाराचं, गुडघ्याचं, हसण्याचं. शेवटचं आपलं वाक्य मात्र गाळलं. मुलं आधी हसली. ती हसली म्हणून त्याला आणखी सांगावंसं वाटलं. मग मुलं गप्प झाली. ती गप्प झाली हे त्याला त्याहून आवडलं.

नलिनीने विचारलं, "हसली म्हणजे कशी?"

सोनबाने दोन्ही हात तोंडावर नेऊन दाखवलं.

सबनीस सर मागे उभे होते. ते म्हणाले, "हे आपण घेऊ या." मग थांबून म्हणाले, "सोनबा, चालेल ना तुम्हाला? कुणाला लागणार नाही ना?"

सर खरोखरच विचारत होते. सोनबाने नाही म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच विषय सोडला असता. तो म्हणाला, "लागायला कळाय तर पायजे. नाव कुठं घेतलंय मी?"

प्रयोगाच्या दिवशी माणसं कमी पडली. पडद्याच्या दोरीवर जो मुलगा होता त्याला आतल्या आवाजांच्या कामाला लावावं लागलं आणि दोरी सोनबाकडे आली. सरांनी त्याला दोनदा बजावलं, "मी हात खाली करीपर्यंत सोडायची नाही. काहीही झालं तरी." सोनबाने दोरी हाताला गुंडाळून घेतली.

दिवेलागणीला मैदान भरलं. पोलादपूरचे व्यापारी पुढे, वाड्यांची माणसं मागे, बायका डाव्या अंगाला. राहीबाई येईल असं सोनबाच्या मनातही आलं नव्हतं. मालोजी गेल्यापासून ती कुठल्या खेळाला गेली नव्हती. पण बनुबाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली होती. "चल गो. माझा नवरा पडदा वढतोय, बघू तरी. घरी पाण्याचा हंडा वढत नाय." राहीबाई आढेवेढे घेऊन निघाली. ती दुसऱ्या रांगेत बनुबाईच्या शेजारी बसलेली सोनबाला पडद्याच्या फटीतून दिसली, तेव्हा नाटक सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

शरद भिंतीला टेकून मेला. नलिनीने दार लोटलं. गुडघा दाबला, तो वर आला. सरांच्या मनात होतं की इथे गाव हबकेल. गाव हसलं. पुन्हा दाबला, आणखी हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बसा त्येच्यावर," आणि त्याच वेळी नलिनी खरंच बसली. मैदान लोळायचं बाकी राहिलं. मग ती कलंडली आणि दोन्ही हात तोंडावर नेऊन हसली. हुबेहूब. सोनबाने दाखवलं होतं तसंच.

बनुबाई डोळे पुसत होती. हसता हसता तिने राहीबाईच्या मांडीवर थाप मारली. राहीबाई हसत नव्हती आणि स्टेजकडे बघतही नव्हती. मान वळवून ती पडद्याच्या कडेला बघत होती, जिथे दोरी होती. अंधारातून सोनबा तिला दिसणं शक्य नव्हतं. तो तिथे आहे हे बनुबाईने तिला सांगितलेलं होतं.

दोरी त्याच्या हातात होती. सोडली असती तर पडदा पडला असता. फार तर सर रागावले असते, मुलं हळहळली असती, तय्यबने महिनाभर चिडवलं असतं. त्याने सरांकडे पाहिलं. सरांचा हात वर होता. प्रवेशात अजून बोलणं होतं, रडणं होतं, बाहेरची माणसं आत यायची होती. हे सगळं होईपर्यंत सोनबाने दोरी धरून ठेवली. हात खाली आला तेव्हा त्याने ती हळूहळू, एकसारखी सोडली. टाळ्या वाजल्या. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तम. अगदी वेळेवर."

मुलं दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेली. जाताना सगळी 'मास्तर, मास्तर' करत होती. सोनबा मांडव उतरवत राहिला.

नदीवर राहीबाई एकटी सापडेपर्यंत चार दिवस गेले. ती गोधडी धूत होती. तो जरा लांबच उभा राहिला.

"वयनी, मी नाव नाय घेतलं," तो म्हणाला.

राहीबाईने गोधडी उलटी केली. "कुणाचं नाव?"

"त्या नाटकात... मी त्या पोरांना—"

"नाटक बरं झालं," ती म्हणाली. "बनी लय हसली." आणि पुन्हा धुवायला लागली. रागाचा शब्द नाही, आवाजात फरक नाही. तो उभाच राहिलेला बघून तिनेच म्हटलं, "जावा, भावजी. गुरं सुटली असतील."

सोनबाला शिव्या चालल्या असत्या. त्याने त्या घरून निघतानाच मोजून घेतल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे त्याला माहीत होतं. हे घेऊन तो परत आला.

पुढच्या वर्षी भात झोडून झाल्यावर मालोजीचा म्हातारा बाप भागोजी गेला. रडणं ऐकून सोनबा कोयता घेऊन निघाला, पण वाटेत दोनदा थांबला. अंगणात त्याने बांबू तासले, सगळ्या काठ्या घेऊन तिरडी बांधली. मग हात धुतले आणि नेहमीसारखा दाराकडे गेला. दारात राहीबाई होती. बिरवाडीहून तिचा भाऊ पांडू आला होता, त्याला ती आत जायला सांगत होती.

"त्येला काय कळतंय?" चांगू म्हातारा म्हणाला. तो वाडीतला सगळ्यात वयस्क. "सोनबा हाय की. जा रे, सोनबा."

"भावजींना नको," राहीबाई म्हणाली. "त्येंच्या छातीत दुखतं. डॉक्टरनं वाकायला, वजन उचलायला मना केलंय. बनीला बोलू नका, ती घाबरंल."

सोनबाची छाती ठणठणीत होती. राहीबाई त्याच्याकडे बघून हे बोलली आणि आत जाऊन तिने दार लोटलं. अंगणातली माणसं आता सोनबाकडे बघत होती. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग ती खोटं का बोलली, असं चांगूने विचारलं असतं.

"कधीपास्नं रे?" चांगूने विचारलं.

"वरीस झालं," सोनबा म्हणाला.

"आणि सांगत नाय कुणाला. एवढे बांबू तासलेस. ये, बस इथं." चांगूने आपल्या अंगाखालची घोंगडी झटकून त्याच्यासाठी अंथरली. कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं. सोनबा ते प्यायला.

पांडूने आतलं उरकून भागोजीला बाहेर आणलं आणि तिरडीवर कसंबसं बांधलं. काथ्या एका बाजूला सैल होता, सोनबाला बसल्या जागेवरून दिसत होतं. तिरडी उचलताना तो सवयीने अर्धा उठला.

"बस रे तू, सोनबा," दोघातिघांनी एकदम म्हटलं. फार मायेने म्हटलं. सोनबाने हात छातीवर ठेवला आणि खाली बसला.